कंपनीच्या सपोर्ट फोरमवर टाकलेली तक्रार गायब का होते?

लॅपटॉप बंद पडला. वॉरंटी संपून महिना झालेला. कस्टमर केअरने अर्धा तास होल्डवर ठेवलं. वैतागलेला माणूस कंपनीच्या सपोर्ट फोरमवर जातो आणि मनातलं सगळं लिहून काढतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर पोस्टच गायब!

कंपनीने तोंड दाबलं का? दरवेळी तसंच असतं असं नाही. पण कधीच नसतं असंही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे फोरम कंपनीच्या मालकीचा असतो. अकाउंट उघडताना न वाचता 'आय ॲग्री' दाबलं, की पोस्ट काढण्याचा हक्क आपणच कंपनीला देतो.

पोस्ट कोण काढतं?

सहसा तीन चाळण्या असतात. पहिली सॉफ्टवेअरची. शिव्या, जाहिराती, संशयास्पद लिंक तिथेच अडकतात. दुसरी इतर युजर्सची, ते 'रिपोर्ट' करतात. तिसरी मॉडरेटरची, शेवटचा निर्णय त्याचा.

फोन नंबर किंवा सिरियल नंबर लिहिला तरी पोस्ट काढली जाऊ शकते. यात ग्राहकाचंच भलं असतं, कारण असे नंबर उचलून 'कस्टमर केअरमधून बोलतोय' म्हणणारे भामटे टपलेलेच असतात.

मग गोची कुठे आहे?

ॲपलच्या सपोर्ट कम्युनिटीत बरीचशी उत्तरं इतर ग्राहकच देतात, तेही फुकट. बदल्यात पॉइंट्स मिळतात, लेव्हल वाढते. पण तिथे तांत्रिक प्रश्नच विचारायचे असा नियम आहे. कंपनीच्या धोरणावर वाद किंवा नुसता संताप चालत नाही. आता 'हा दोष कंपनीचाच आहे' हे वाक्य तांत्रिक की संताप? ते ठरवणारी कंपनीच.

2011 च्या काही मॅकबुक प्रोमध्ये ग्राफिक्सचा दोष निघाला. स्क्रीनवर रेषा यायच्या, मशीन अचानक रीस्टार्ट व्हायचं. एकट्या माणसाला वाटलं असतं, आपलंच नशीब फुटकं. पण फोरमवर तशाच तक्रारी एकाखाली एक साचत गेल्या. 2014 मध्ये अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं. फेब्रुवारी 2015 मध्ये ॲपलने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली.

म्हणूनच खरी तक्रार उडाली, की तिच्यासोबत 'मी एकटा नाही' हे कळण्याची सोयही उडते.

तुम्ही काय करायचं?

मॉडेल, सॉफ्टवेअर व्हर्जन, बिघाड कधी सुरू झाला आणि काय करून पाहिलं, एवढं लिहा. राग एका ओळीत आटपा. बिल आणि सिरियल नंबर जाहीर टाकू नका. पोस्ट केल्यावर लगेच तारखेसह स्क्रीनशॉट काढा.

आणि फोरमवर लिहिलं म्हणजे तक्रार नोंदवली, असं समजू नका. कंपनीला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, त्यापुढे ग्राहक आयोग आहे. तिथली तक्रार कंपनीच्या मॉडरेटरला डिलीट करता येत नाही.