मृत्यूचा दाखला वेगळा, मृत्यूचे कारण वेगळे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. राजूरजवळच्या शिवारात रात्री जागलीला गेलेला एक शेतकरी सकाळी झोपडीत मृतावस्थेत आढळला. अंगावर जखम नव्हती. मला बोलावणे आले. मी नाडी व बुबुळे पाहिली, ‘आता काही उरले नाही’ असे सांगितले आणि परत आलो. दुपारपर्यंत अंत्यसंस्कार उरकले होते.

तेरवी झाल्यावर त्यांची पत्नी दिराला घेऊन दवाखान्यात आली. ‘डॉक्टरसाहेब, साप चावला एवढं लिहून द्या. तुम्ही तर पाहिलं होतं.’ शेतकरी अपघाताच्या सरकारी योजनेत वारसाला दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हवा होता. दोन्ही नव्हते. मला लिहून देता आले नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली तर दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. साप असेल, हृदयविकार असेल किंवा फवारणीचे औषध पोटात गेले असेल. मी मृतदेह पाहिला होता, कारण पाहिले नव्हते. पण ‘आधी पोलिसांना कळवा’ हे एक वाक्य त्या सकाळी मी बोलायला हवे होते. ती चूक माझी, म्हणून हा लेख.

कोरोनर कोठे असतो?

मुंबईच्या जुन्या बातम्यांत ‘कोरोनर’ हा शब्द येत असे. १८७१च्या कायद्यानुसार तेथे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा स्वतंत्र अधिकारी होता. १९९९ मध्ये मुंबईतील हे पद रद्द झाले. आपल्या भागात ते काम पोलिसांकडे असते. अपघात, सर्पदंश, विषबाधा, बुडणे, वीज पडणे, आत्महत्या किंवा कारण न कळलेला आकस्मिक मृत्यू असला, की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात. आपण त्यालाच ‘मर्ग’ म्हणतो. मग दोन किंवा अधिक पंचांसमोर पंचनामा होतो आणि गरज असल्यास शवविच्छेदन होते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते. लग्नाला सात वर्षे होण्याच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाल्यास कार्यकारी दंडाधिकारीही चौकशी करतात.

मर्ग दाखल झाला म्हणजे घरच्यांवर गुन्हा दाखल झाला, असे नाही. ही भीती मनातून काढावी. ‘चिरफाड नको’ हे दुःख मी समजू शकतो. पण शवविच्छेदनानंतर शरीर शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात आणि सर्व विधी करता येतात. विषाची शंका असल्यास व्हिसेरा प्रयोगशाळेत पाठवतात. त्यामुळे अहवालात ‘अंतिम मत राखून ठेवले’ असे लिहिलेले असते. अशा वेळी पुढील अहवालाचा पाठपुरावा करावा.

नोंद कोठे करायची?

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते. घरी मृत्यू झाल्यास कुटुंबप्रमुखाने ती ग्रामपंचायतीत द्यावी, रुग्णालयात झाल्यास रुग्णालय देते. मृत्यू जेथे झाला तेथेच नोंद होते. राजूरचा माणूस चंद्रपूरच्या दवाखान्यात वारला तर दाखला चंद्रपूरचा मिळेल. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

आता मुख्य मुद्दा. या दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. ते छापू नये असे कायद्यातच आहे. म्हणजे मृत्यू झाला हे दाखला सांगतो, कसा झाला हे सांगत नाही. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारणाचे वेगळे प्रमाणपत्र विनामूल्य द्यायचे असते. २०२३च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही मिळते. ती मागून घ्यावी. त्यावर नुसते ‘हृदय बंद पडले’ असेल तर डॉक्टरांना कारण विचारा. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशामुळे, हे लिहायला हवे.

लक्षात ठेवा

आकस्मिक मृत्यू झाला की अंत्यसंस्काराआधी पोलीस पाटलांना किंवा ठाण्यात कळवा. मृतदेह व आसपासच्या वस्तू हलवू नका. औषधाचा डबा सापडला तर पोलिसांना दाखवा. मर्ग क्रमांक लिहून घ्या. दाखल्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. शेजाऱ्याच्या घरी असा प्रसंग आला, तर हे त्याला सांगण्याचे काम तुम्ही करा. त्या घरातल्यांना त्या वेळी काही सुचत नसते.

त्या बाईंचा अर्ज मंजूर झाला नाही. यंदा त्या दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जातात.

पुढील आठवड्यात : सर्पदंश झाल्यास पहिल्या तासात काय करावे?