बैलाचा खुराक मोजता, स्वतःचा कधी मोजणार?

शेतकरी बंधूंनो, आधी एक साधा प्रश्न विचारतो. औत चालू असताना बैलाला तुम्ही काय घालता? सरकी पेंड, भरडा, हिरवी वैरण. आणि औत उभे राहिले, बैल दावणीला बसून राहिला की? पेंड निम्मी होते, कडब्यावर भागते. म्हशीचेही तसेच. दुभतीचा खुराक भाकडीला कोणी घालत नाही. घातलाच तर घरातली म्हातारी ओरडते, "अरं, माजंल की ती!" हे शहाणपण तुम्हाला कुणा साहेबाने शिकवलेले नाही, ते पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. मग स्वतःच्या ताटावर बसलो की हेच शहाणपण कुठे जाते?

आठवून बघा. मोट गेली, इंजिन आले, मग विजेची मोटर आली आणि आता ऑटो स्टार्टर. रात्री लाईट आली की पंप आपोआप चालू होतो. नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, खुरपणीच्या जागी तणनाशक. बांधावर जायचे तरी मोटारसायकल. हे वाईट झाले असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्याने मोट हाकली आहे त्याला विचारा, ते दिवस परत यावेत असे तो कधी म्हणणार नाही. पण कष्ट कमी झाले, तसे जेवण कमी झाले का? उलट भाकरीच्या जोडीला चपाती आली, भाजीवर तेलाचा तवंग आला आणि चहा दिवसातून दोनदाचा सातदा झाला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली सुधारलेला हिशेब असा आहे. 65 किलो वजनाच्या पुरुषाला अंगमेहनतीचे जड काम असेल तर दिवसाला 3470 उष्मांक लागतात. मध्यम काम असेल तर 2710. बैठे काम असेल तर 2110. (उष्मांक म्हणजेच लोक ज्याला कॅलरी म्हणतात ते.) म्हणजे मोट हाकणारा आजोबा आणि ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बसणारा नातू यांच्या गरजेत 1360 उष्मांकांचा फरक पडला. बाईमाणसाचे आकडे 55 किलो वजनाला जड कामासाठी 2720, मध्यम कामासाठी 2130 आणि बैठ्या कामासाठी 1660 असे आहेत. हा जो वरचा फरक आहे तो कुठे जातो? पोटावर जातो. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण 7700 उष्मांक साठलेले असतात. सुगी संपली, काम बसके झाले, पण जेवण सुगीचेच राहिले तर रोजचे 600 शिल्लक पडतात. दोन महिन्यांत किती झाले, ते तुम्हीच गुणून बघा. शरीर इतके काटेकोर चालत नाही हे खरे, पण दिशा तीच.

"लठ्ठपणा हा शहरातल्या लोकांचा रोग, आपल्याला काय त्याचं?" असे अजून पुष्कळजण म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली देशाच्या ग्रामीण भागातल्या 15 टक्के स्त्रिया आणि 14.3 टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले होते. 2019-21 च्या पाहणीत तेच आकडे 19.7 आणि 19.3 झाले. म्हणजे पाचांत एक.

त्यातही आपली गोष्ट जरा वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे 3.5 किलो. बाळे बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने कमी नाही. कमी होते ते मांस. म्हणजे दिसायला हडकुळा, आत चरबी. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कंबर जास्त खरे बोलते. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर गेली आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली, की धोक्याची घंटा समजायची. हातपाय काटक्या आणि पुढे पोट, असे किती जण तुमच्या गावात आहेत ते मोजा. त्यांना कोणी जाड म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणवून घेत नाहीत.

वाढलेले पोट नुसते दिसायला वाईट असते तर मी हा लेख लिहिलाच नसता. त्याच्यामागून साखरेचा आजार येतो, रक्तदाब येतो, गुडघे जातात. आणि शेतकऱ्याची साखर ही दुकानदाराच्या साखरेपेक्षा घातकी. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की तळपायाची जाणीव कमी होते. अनवाणी पाणी धरताना बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही. चार दिवसांनी जखम चिघळते, वास येतो, तेव्हा कळते. मग तालुक्याचा दवाखाना, मग जिल्ह्याचा, आणि कधी कधी बोट किंवा पाऊल कापण्यावर येते. बारा आण्यांचा काटा, पण त्यापायी बैल विकावे लागतात.

आता ताटाकडे वळू. सुरुवात चहापासून, कारण गावचा चहा हा मानाचा असतो, नाही म्हणता येत नाही. अर्ध्या कपात दोन चमचे साखर, म्हणजे 10 ग्रॅम, 40 उष्मांक. म्हशीचे दूध धरून सत्तरच्या आसपास. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, दिवसाला सात चहा तर तुम्हाला सहज होतात. झाले की पाचशे! बैठ्या माणसाच्या दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या चहात गेला, आणि जेवण अजून व्हायचेच आहे. जागतिक आरोग्य संघटना साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. तुमचा चहाच 70 ग्रॅमवर गेलेला असतो. "मी गुळाचा घेतो" म्हणणारेही भेटतात. 100 ग्रॅम साखरेत 400 उष्मांक असतील तर गुळात 380. चवीत फरक आहे, हिशेबात नाही.

दुसरे तेल. एक ग्रॅम तेलात 9 उष्मांक, पिठाच्या एका ग्रॅममध्ये 4 सुद्धा भरत नाहीत. पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात 2000 उष्मांकांच्या आहारासाठी तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम सांगितले आहे. घरात पाच माणसे असतील तर महिन्याला चार किलो झाले. म्हणजे 15 किलोचा डबा जवळजवळ पावणेचार महिने पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती दिवस पुरतो? डबा आणला की त्यावर खडूने तारीख लिहून ठेवा. घरच्या लक्ष्मीला दोष देण्याआधी हेही ध्यानात घ्या की तर्री नसली की ताट सरकवणारे आपणच असतो.

तिसरा उपास. एकादशी नि दुप्पट खाशी हे आपलेच लोक म्हणून गेले. एक ताटली खिचडी धरा: 75 ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचा कूट, दोन चमचे तूप, पाचशेच्या आसपास उष्मांक. त्यात पोट भरल्यासारखे वाटून दोन तासांत पुन्हा भूक. तेवढ्यात ज्वारीच्या दोन भाकरी आणि वाटीभर पालेभाजी आरामात बसते आणि संध्याकाळपर्यंत ओढ नसते. देवाला काय चालते ते तुम्ही ठरवा, मी फक्त वजनाचे बोलतो.

म्हणून भाकरी सोडा असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ज्वारी-बाजरीत चोथा जास्त, ती सावकाश पचते. आता रेशनचे गहू-तांदूळ घरात पडतात आणि ज्वारी लावायलाच परवडत नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. पण घरापुरती दोन वाफे मालदांडी ठेवायला काय हरकत आहे? ताटात बदल इतकाच: चार भाकरींच्या दोन करा, कामाचा दिवस असेल तर तीन. त्या कमी झालेल्या जागेत मटकीची किंवा हुलग्याची उसळ, मेथी, शेपू, चाकवत, मुळा-कांदा कच्चा, आणि वर लोणी काढलेले ताक. अंडे चालत असेल तर अंडे. रात्रीचे जेवण दिवेलागणीला उरका. आणि बायांनो, उरलेला भात वाया जाईल म्हणून तो स्वतःच्या पोटात टाकू नका. ढोरांना घाला, ती आशीर्वाद देतील.

दिवसाला 500 उष्मांक कमी झाले तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर उतरते, पुढे वेग मंदावतो. त्याहून घाई करू नका. महिन्यात दहा किलो उतरवणारी पावडर घेऊन कोणी दारात आला तर त्याला चहा न पाजता वाटेला लावा. ज्यांना साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण एकदम तोडू नये, चक्कर येऊन पडाल.

व्यायामाचे म्हणाल तर "आम्ही दिवसभर शेतातच असतो" हे उत्तर ठरलेले. शेतात असता, पण बांधावर उभे राहून मजुरांना सांगता. एक तास झपाझप चालले तर अडीचशे-तीनशे उष्मांक खर्च होतात. एक वडापाव खाल्ला की फिटंफाट. म्हणून नुसते चालून पोट उतरत नाही, ताट आधी. पण चालण्याने साखर आटोक्यात राहते, रक्तदाब उतरतो, झोप लागते. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे चाला, आणि दोन दिवस जोर-बैठका किंवा कुदळ-फावडे. मळा दोन किलोमीटरच्या आत असेल तर गाडी घरी ठेवा, एवढे केले तरी पुष्कळ. तालीम सोडलेल्या पैलवानांनी हे जरूर वाचावे. तालीम सुटते, थंडाई नि मटणाचा रस्सा सुटत नाही, आणि चार वर्षांत लंगोटाचा नाडा पुरत नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. हा लेख सगळ्यांसाठी नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई, ऊसतोडीला जाणारा गडी, यांचे काम अजून जडच आहे आणि पोटात पुरेसे जात नाही. त्यांना "कमी खा" सांगणे म्हणजे औताच्या बैलाची पेंड तोडणे. गरोदर बाईनेही वजन उतरवायच्या भानगडीत पडू नये.

सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी एवढे करावे: ग्रामसभेला फरसाण-बुंदीऐवजी फुटाणे आणि ताक ठेवा, बिलही कमी येईल. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात फुकट तपासतात. आशाताईंच्या फॉर्मात कंबरेचा रकाना आहे. त्या टेप घेऊन आल्या की लाजून घरात पळू नका, पुढाऱ्यांनी आधी मोजून घ्या.

आणि तोवर घरच्या घरी एक करा. करगोटा सालाला बदलावा लागतोय का, ते आठवा. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध एक सुतळी गुंडाळा, जुळेल तिथे गाठ मारा आणि टेलरच्या टेपवर धरून आकडा लिहून ठेवा. सुतळी खुंटीला अडकवा. पुढच्या अमावस्येला तीच सुतळी पुन्हा लावून बघा.