दोन घोट आणि अडखळणारी जीभ

नेरच्या स्टँडवर कंडक्टरला ‘दारव्हा’ म्हणताना ‘द’वरच गाडी अडते, आणि त्याच माणसाची जीभ संध्याकाळी दोन पेग पोटात गेल्यावर सुटल्यासारखी वाटते. पण म्हणून दारू तोतरेपणावर औषध ठरत नाही.

मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, ब्रेकचं काम करणारं. दारू त्याचा जोर वाढवते, त्यामुळे ‘लोक हसतील’ ही धास्ती कमी होते. ज्यांचं अडखळणं धास्तीनं वाढतं, त्यांना थोडा वेळ मोकळं वाटतं. काहींचं उलट बिघडतं. शिवाय पिणाऱ्याला आपण छान बोललो असं वाटतं, ऐकणाऱ्याला विचारा!

धास्ती कमी झाली तरी तोतरेपणा जात नाही, कारण त्याचं मूळ भीतीत नाही. बोलण्याच्या हालचाली वेळेवर जुळवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत ते असतं; तोतरेपणा बहुधा 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतो, आणि भीती मागाहून चिकटते. दारू जास्त झाली की लहान मेंदू सुस्तावतो, ओठ-जिभेचा ताळमेळ सुटतो, शब्द लडबडतात. हा तोतरेपणा नव्हे, पण तोतरेपणात याची भर पडते.

खरा धोका सवयीचा. मुलगी पाहायला जाताना घोट, मग फोन उचलण्याआधीही घोट. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर दारू जिवावर बेतू शकते. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केल्यास हात थरथरू शकतात, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना विचारूनच सोडावी.

तोतरेपणासाठीच्या वाचाउपचाराची चौकशी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात करता येईल.