दोन मीटर उतारावरचं गाव

मेपलडरहॅमला जाणारा रस्ता मेपलडरहॅमलाच संपतो. रेडिंगहून ऑक्सफर्डकडे जाणारा मोठा रस्ता सोडला की चिल्टर्न टेकड्यांच्या पांढऱ्या चुनखडीवरून एक अरुंद वाट झाडीतून खाली उतरते. विटांची काही घरं, एक चर्च, एका मोठ्या वाड्याचं फाटक लागतं आणि पुढे थेम्स आडवी येते. पूल नाही. पलीकडच्या काठावर पर्ली दिसतं, त्या बाजूनं लंडनची रेल्वे धावते. पण तिथे जायचं तर टेकडी चढून एकतर रेडिंगजवळचा किंवा वरच्या अंगाचा व्हिटचर्चचा पूल गाठावा लागतो. रेडिंगसारखं मोठं शहर सहा-सात किलोमीटरवर असूनही हे गाव एवढंसंच राहिलं, याचं निम्मं कारण हा भूगोल आहे.

उरलेलं निम्मं नदीत आहे. गावाशेजारी थेम्सला बंधारा घातलेला आहे आणि त्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात साधारण दोन मीटरांचा फरक आहे. गावाची गिरणी त्या दोन मीटरांवर चालते. विल्यम राजानं 1086 साली देशभराच्या जमिनीची आणि उत्पन्नाची नोंद करवून घेतली, त्या ‘डूम्सडे बुक’मध्येही इथल्या गिरणीचा उल्लेख आहे. आज उभी असलेली इमारत तेवढी जुनी नाही, पण तिचा मधला भाग 15 व्या शतकातला आहे. थेम्सच्या काठी एकेकाळी अशा कितीतरी पाणचक्क्या होत्या. इफलीची 1908 मध्ये जळाली, हॅम्बलडनच्या गिरणीत लोक राहतात, सॉनिंगच्या गिरणीत नाटकं होतात. गहू दळणारी ही एवढीच उरली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती चालू असताना मी आत उभा होतो. बाहेर गिरणीवाल्यानं पाण्याचं दार थोडंसं उचललं. चाकाला पाणी खालच्या बाजूनं लागतं, त्यामुळे वरून कोसळणाऱ्या धारेचा देखावा इथे नाही. फळ्यांवर पाण्याचा रेटा बसतो, चाक क्षणभर कुरकुरतं आणि मग जड अंगानं फिरू लागतं. त्याचा वेग इतका कमी की एकेक फळी नजरेनं मोजता येते. पण आत शिरलं की हाच संथपणा पायरीपायरीनं वाढत जातो. चाकाच्या आसावरचं मोठं दातेरी चक्र एका लहान चक्राला फिरवतं, त्यानं उभा खांब फिरतो, खांबावरचं आणखी एक मोठं चक्र दगडाच्या लहान चक्राला फिरवतं. शेवटी वरचा दगड मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेऊ लागतो. अशा गिरण्यांत चक्रांचे दात सफरचंदाच्या किंवा हॉर्नबीमच्या कठीण लाकडाचे करतात. लाकडावर लोखंड चाललं तर ठिणगी उडत नाही, आणि काही अडकलंच तर एखादा दात मोडतो, सगळं यंत्र मोडत नाही. मोडलेला दात काढून तिथे दुसरा ठोकता येतो.

ठिणगीची भीती खरी आहे. हवेत तरंगणारं बारीक पीठ पेट घेतं, आणि दोन दगडांमध्ये धान्य नसेल तर दगडावर दगड घासतो. म्हणून धान्याच्या चाड्यात चामड्याचा एक पट्टा टाकलेला असतो. धान्याच्या वजनानं तो दाबलेला राहतो. धान्य संपत आलं की पट्टा सैल पडतो, त्याला बांधलेली घंटा खाली येते आणि वाजू लागते. गिरणीवाला दुसऱ्या मजल्यावर असो की अंगणात, त्याला कळतं.

आपल्या जात्यात एका हातानं खुंटा फिरवायचा आणि दुसऱ्या हातानं घास टाकायचा. फेरा आणि घास यांचा मेळ दळणारीच्या अंगात असतो. इथे तो मेळ लोखंडाचा एक चौकोनी दांडा साधतो. चाड्यातून धान्य एका तिरक्या लाकडी पन्हळीत उतरतं. दगडाबरोबर फिरणारा दांडा आपल्या चारही कोपऱ्यांनी त्या पन्हळीला टकटक धक्के देतो आणि प्रत्येक धक्क्याला थोडे दाणे दगडाच्या डोळ्यात पडतात. पाणी जोरात आलं, दगड वेगात फिरला, तर टकटकही वाढते आणि धान्यही जास्त पडतं. वेग मंदावला की घास आपोआप लहान होतो. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हे शोधलं, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्या दांड्याकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो, इतकी ती युक्ती मला सुंदर वाटली.

गिरणीवाल्याचं खरं काम मात्र खालच्या मजल्यावर, पीठ बाहेर पडतं तिथे. तो हात पुढे करतो, पिठाची धार तळहातावर घेतो आणि अंगठ्यानं बोटांवर पसरतो. कोंडा सपाट, रुंद पापुद्र्यांत सुटला पाहिजे, आतलं पीठ मऊ पण किंचित रवाळ लागलं पाहिजे आणि सगळं कोमट असलं तरी तापलेलं नको. तापलं तर दगड फार जवळ आले. भरड आलं तर दूर गेले. मग तो एक स्क्रू किंचित फिरवतो आणि सुमारे टनभर वजनाचा फिरता दगड कागदाच्या जाडीएवढा वर-खाली होतो. पुन्हा हात पिठाखाली. पाण्याचा जोर दुपारभर बदलत राहतो, म्हणून हात आणि स्क्रू यांची ही ये-जाही दुपारभर चालते.

हे दगड मूळचे इंग्लंडचे नाहीत. मऊ पिठासाठी इथल्या गिरणीवाल्यांनी पॅरिसच्या पूर्वेकडच्या ला फेर्ते-सू-झुआर गावचा ‘बर’ दगड आणवला. तो अखंड मोठा मिळत नाही. तुकडे घडवून जुळवायचे, पाठीवर प्लास्टर ओतायचं आणि भोवती लोखंडी कडं तापवून चढवायचं. गार होताना कडं आवळलं जातं. डर्बीशायरचा देशी दगड स्वस्त, पण त्याची कच पिठात उतरते, म्हणून तो बहुतेक जनावरांच्या भरड्यासाठी ठेवत.

आणि दगडांना टाकी लावावीच लागते. त्यासाठी वरचा दगड लोखंडी हातांच्या यारीनं उचलून उताणा करतात. लाल रंग लावलेली एक सरळ लाकडी पट्टी त्यावरून फिरवली की उंचवट्यांवर रंग लागतो आणि टाकी कुठे चालवायची ते दिसतं. कोंड्याच्या पोत्यावर कोपर टेकून कारागीर आधी मधून कडेकडे जाणारे मोठे चर खोल करतो आणि मग त्यांच्या मधल्या सपाटीवर बारीक, समांतर रेघा पाडतो. धान्य कापायचं काम या चरांचं. पीठ बाहेर ढकलायचंही त्यांचंच. टाकीचं पोलाद दगडावर उडतं आणि त्याच्या बारीक कणांनी हाताच्या कातडीत कायमचे निळसर-काळे ठिपके उमटतात. गावोगाव फिरणाऱ्या टाकीवाल्यांना काम देण्याआधी गिरणीवाले त्यांचे हात बघत.

या सगळ्यासाठी पाणी साठवावं लागतं, आणि साठवलेल्या पाण्यावर इथे फार भांडणं झाली. थेम्स ही लंडनला माल नेणारी वाटही होती. 1215 च्या मॅग्ना कार्टात थेम्समधले मासेमारीचे बांध काढून टाकण्याचं कलम आहे, इतका हा वाद जुना. गिरण्यांच्या बंधाऱ्यात नावांसाठी एक उघडती जागा ठेवत. उभ्या खुंटांना टेकवलेल्या फळ्या एकामागून एक काढल्या की साठलेलं पाणी लोंढ्यानं सुटे. खाली जाणारी नाव त्या लोंढ्याबरोबर निघे, वर येणारीला दोर बांधून त्याच लोंढ्याविरुद्ध ओढावं लागे. नाव गेली की गिरणीचं पाणीही गेलेलं असे. बंधारा पुन्हा भरेपर्यंत दळण बंद, म्हणून गिरणीवाला फळ्या काढायला पैसे घेई आणि नावाडी त्याच्या नावानं बोटं मोडत. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, असं मला वाटतं.

1777 मध्ये इथे दोन दारांच्या हौदाचं लॉक बांधलं गेलं आणि भांडणाची धार गेली. नाव हौदात घ्यायची, दार लावायचं, हौदापुरतंच पाणी सोडायचं. बंधारा भरलेला राहतो. लंडनला पीठ नेणाऱ्या नावांनी गिरणीची भरभराट केली आणि शेजारी कोठार उभं राहिलं. थेम्सवरचं यंत्रावर चालणारं पहिलं लॉक हेच, 1956 पासून. गंमत अशी की ते पर्लीच्या बाजूला आहे. गावातून तिथे जायला वाट नाही.

1840 मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे आली तीही पलीकडच्या काठानं. नावांचा माल रेल्वेनं ओढला. पुढे बंदरांवर पोलादी रोलरांच्या प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या आणि जहाजांतून उतरलेला परदेशी गहू तिथेच दळला जाऊ लागला. मेपलडरहॅमची गिरणी दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच थांबली. ती पाडली गेली नाही, यामागे मालकीचं कारण आहे. ब्लाउंट घराण्यानं 1490 मध्ये ही जहागीर घेतली, आजचा विटांचा वाडा त्यांनी 16 व्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला, आणि इस्टेट अजून त्यांच्याच वंशात आहे. गाव तुकड्यांनी विकलं गेलं नाही. ब्लॅक सॅबथ या रॉक बँडच्या 1970 मधल्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर जी गिरणी दिसते ती हीच, तेव्हा ती बंद होती. 1977 ते 1980 या काळात ती दुरुस्त करून पुन्हा दळती केली.

2011 मध्ये गिरणीच्या जागेवर आर्किमिडीजचा स्क्रू बसवला गेला. मोठं तिरकं लोखंडी मळसूत्र. पाणी त्यावरून उतरताना त्याला फिरवतं आणि वीज तयार होते. चाक आणि स्क्रू एकाच दोन मीटरांवर जगतात. हिवाळ्यात थेम्सला पूर येतो तेव्हा काठ बुडतात, पण दळण होत नाही, कारण खालचं पाणी वरच्याच्या जवळपास येऊन पोचतं आणि चाकाचा खालचा भाग साचलेल्या पाण्यात बुडतो. उन्हाळ्यात चुनखडीच्या टेकड्या हिवाळ्यात शोषलेलं पाणी झऱ्यांनी सावकाश सोडतात, नदी पातळ होते पण फरक टिकतो, आणि त्या थोड्या पाण्यावर दगड फिरतात. वीज देणारा स्क्रू पैसे मिळवतो, चाक फारसे मिळवत नाही. तरी त्या थोड्या पाण्यातला वाटा चाकाच्या दारापाशी राखून ठेवला पाहिजे. फिरत नाही त्या दगडाला टाकी लावायची वेळ येत नाही, आणि मग टाकी धरता येणारा हातही तयार होत नाही.