यिनहुआचे बाबा

बेंगळुरूतले आयटीवाले मित्र चीनमधून परततानाच्या सामानाची रडगाणी सांगतात, तेव्हा मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. चौघे परतले, हे नाही.

१९४१ मध्ये परिचारिकांना शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. (याहून नेमकं नाव सुचवून दाखवा!)

शेवटच्या दिवसांतही युद्धग्रस्त हपै प्रांतात रुग्ण, विद्यार्थी आणि शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकाचं लेखन चालूच होतं. आणि अपस्माराचे झटकेही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचं.

व्ही. शांतारामांचा कोटणीसांवरचा १९४६ चा चित्रपट पाहिलाय का? कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतःच केली होती.