इंजिनात आधी काय मोडले?

धावत्या मोटारीचे इंजिन एकाएकी दणका देऊन बंद पडते, ब्लॉकला मुठीएवढे भगदाड पडलेले दिसते आणि त्यातून मोडलेल्या कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणाऱ्या दांड्याचे टोक बाहेर आलेले असते, तेव्हा सारा दोष त्या रॉडच्या माथी मारला जातो. परंतु मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरत असतो. त्यामुळे एक भाग तुटला की त्याचे तुकडे क्षणार्धात शेजारच्या भागांचा चुराडा करतात आणि मूळ बिघाडाची खूण त्या ढिगाऱ्याखाली दडते. काय काय मोडले याची यादी गॅरेजात लगेच तयार होते. त्यात आधी काय मोडले, हे ठरवणे हेच निदानातले खरे काम होय.

वंगण तुटले असेल तर पुरावा रंगात सापडतो. रॉड आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधील बेअरिंगचे अर्धवर्तुळाकार पत्रे ऑइलच्या पातळ थरामुळे प्रत्यक्ष घासले जात नाहीत. तो थर नाहीसा झाला की घर्षणाने पोलाद तापून आधी पिवळसर, मग जांभळे आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळे पडते. सर्वच बेअरिंगे जळाली असतील तर संशय ऑइलची पातळी किंवा पंप यांवर जातो, एकच जळाले असेल तर तिथवर ऑइल नेणारा मार्ग तपासावा लागतो.

पाण्याने झालेला घात अधिक फसवा असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात अडकल्या. अशा वेळी हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते. १२०० सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात संपीडनाचे प्रमाण दहास एक असेल, तर पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ३३ घन सेंटिमीटर जागा उरते. त्याहून अधिक पाणी आत असेल तर ते हवेप्रमाणे दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि रॉड वाकतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. रॉड थोडासाच वाकला असेल तर इंजिन पुन्हा सुरूही होते, काही काळ चालते आणि पाऊस विस्मरणात गेल्यावर कोरड्या रस्त्यावर फुटते.

हा जुना घाव सिलिंडरच्या भिंतीवर वाचता येतो. वाकलेल्या रॉडची लांबी घटते, पिस्टन पूर्वीच्या उंचीपर्यंत पोहोचत नाही आणि वरच्या कडेचा काजळीचा पट्टा शेजारच्या सिलिंडरांतल्या पट्ट्यांपेक्षा रुंद होतो. रॉडचा तुटलेला पृष्ठभागही बोलका असतो: भेग हळूहळू वाढत गेली असेल तर तेथे ओहोटीनंतर वाळूवर उरणाऱ्या रेषांसारख्या वक्र रेषा दिसतात, तर एकाच आघाताने तुटलेला भाग सर्वत्र खरखरीत असतो. मात्र तुटल्यानंतर ही टोके एकमेकांवर आपटून ठेचली जातात, म्हणून लहानसा तुकडाही जपावा लागतो. इंजिन खोलताच सारे भाग धुऊन टाकण्याची गॅरेजांतली सवय या दृष्टीने फार घातक आहे, कारण काजळीचा तो पट्टा, तळाच्या ऑइलमधील पाण्याचा अंश आणि फिल्टरमध्ये अडकलेला बेअरिंगचा चुरा हे सगळे पहिल्याच धुण्यात निघून जाते.