नहपानाच्या गालावरचा डोंगर

1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला, दारणा जिथे गोदावरीला मिळते त्या गावी, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांच्या वर, एकेक जेमतेम दोन ग्रॅमचं. सराफाच्या काट्यावर सगळा ऐवज पंचवीस-सव्वीस किलोंचा.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासायला घेतला. एका बाजूला क्षहरात क्षत्रप नहपानाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरं; दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. पण त्यांतली कितीतरी नाणी भलतीच दिसत होती. राजाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि कडेने ब्राह्मी अक्षरं: ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. नव्या ठशाखालून कुठे नहपानाचं नाक, कुठे ग्रीक अक्षराचा तुकडा डोकावत होता! एखाद-दुसरं असतं तर टांकसाळीतली चूक म्हणता आली असती. अशी नाणी नऊ हजारांवर भरली.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने शत्रूची चांदी वितळवलीसुद्धा नव्हती. तिच्यावरच आपला ठसा हाणला होता.

नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं त्यात कोरलंय. आईने गायलेली लेकाची थोरवी म्हणून त्यावर कुणी शंका घेतली असती. जोगलटेंभीनंतर ती सोय उरली नाही. साठ्यात तिसऱ्या राजाचं एकही नाणं नव्हतं. महाराष्ट्रात याहून बोलका नाण्यांचा साठा नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

ठशाखालचा ठसा अमेरिकेतही असाच बोलला. 1804 सालाचा चांदीचा डॉलर म्हणजे तिथल्या संग्राहकांचा जीव की प्राण. त्यांतल्या एकावर स्वित्झर्लंडच्या 1857 सालच्या नाण्याच्या पुसट खुणा आहेत. 1804 चं नाणं 1857 च्या नाण्यावर उमटेल कसं? ते नंतर पाडलेलं, हे त्या खुणांनीच उघड केलं. आज ते स्मिथसोनियन संस्थेत आहे.

जोगलटेंभीची गोदावरी पुढे आपल्या परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या शिवारांतून वाहते. इथे नांगराला किंवा पडक्या वाड्याच्या पायात नाणी लागली, तर चिंच लावून ती लख्ख करू नका. घासताना सर्वांत आधी जातात त्या खालच्या पुसट रेषा, आणि नाण्याची खरी किंमत तिथेच असते. मुशीत गेलं तर उरते फक्त चांदी. पणजोबांच्या पेटीतले निजामाचे हाली रुपयेही आहेत तसेच, कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळून ठेवा. आणि जमिनीत जुना ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्याने ते बंधनकारकच आहे.